सर्व्हरवर कोणकोणते डेटाबेस आहेत? पायथनमधून पूर्ण यादी कशी मिळवायची

नारायण पेठेतल्या एका जुन्या ग्रंथालयाचा छोटा सर्व्हर मी गेली काही वर्षं सांभाळतो. मी यायच्या आधीपासून तिथे रोज रात्री बॅकअपची एक स्क्रिप्ट चालायची. तिच्यात पाच डेटाबेसची नावं हातानं लिहिलेली होती: सभासद, वर्गणी, देवघेव, नियतकालिकं आणि संकेतस्थळ. पुढे दुर्मिळ पुस्तकांच्या सूचीसाठी सहावा डेटाबेस तयार झाला, पण त्याचं नाव त्या स्क्रिप्टमध्ये घालायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. सूचीचं काम करणाऱ्या काकूंनी चार महिने रोज दुपारी बसून नोंदी भरल्या आणि ऐन पावसाळ्यात डिस्क गेली.

“अरे, बॅकअप होता ना?” काकूंनी विचारलं. बॅकअप होता, पण पाचच डेटाबेसचा.

त्या ग्रंथालयात १२ जुलै १९६१ ची आठवण अजून निघते. पानशेत फुटलं आणि नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरलं, तो दिवस. चिखलात भिजलेल्या नोंदवह्या निदान उन्हात वाळवून पाहता येतात. बॅकअपमध्ये नसलेल्या डेटाबेसचं काहीच करता येत नाही. काकूंनी सगळ्या नोंदी पुन्हा पहिल्यापासून भरल्या. तेव्हापासून कोणत्याही सर्व्हरवर माझं पहिलं काम ठरलेलं आहे. नावं हातानं लिहायची नाहीत, सर्व्हरलाच विचारायची, आणि त्यानं दिलेली यादी पुरी आहे की नाही हेही तपासायचं. यातला दुसरा भाग बहुतेक जण सोडून देतात, म्हणून या लेखात त्यालाच जास्त जागा दिली आहे.

मुख्य उदाहरण मायएसक्यूएल (डेटाबेस सांभाळणारा सर्व्हर प्रोग्रॅम) आणि पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचं आहे. मायएसक्यूएलपासूनच निघालेल्या मारियाडीबीलाही जवळजवळ सगळं तसंच लागू पडतं. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत, संगणकावर त्या रोमन अक्षरांत टाइप करायच्या. पायथन ३ मध्ये व्हेरिएबलची नावं मात्र खरोखरच देवनागरीत चालतात. ‘यादी’, ‘ओळ’, ‘जोड’ अशी नावं मी माझ्या स्क्रिप्टमध्ये बिनधास्त वापरतो. वर्षभरानं फाइल उघडली तरी कोणतं नाव माझं आणि कोणतं भाषेचं हे लगेच कळतं.

आधी वेगळा यूझर तयार करा

रूटचा, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या मुख्य यूझरचा, पासवर्ड स्क्रिप्टमध्ये घालू नका. नुसती यादी वाचणाऱ्या स्क्रिप्टला डेटाबेस पुसून टाकण्याचा अधिकार कशाला हवा? रूट म्हणून एकदा आत जा आणि स्वतंत्र यूझर बनवा:

क्रिएट यूझर 'राखण'@'लोकलहोस्ट' आयडेंटिफाइड बाय 'इथे लांब पासवर्ड';

ग्रँट शो डेटाबेसेस ऑन *.* टू 'राखण'@'लोकलहोस्ट';

दुसऱ्या ओळीतली ‘तारा टिंब तारा’ महत्त्वाची आहे. ‘शो डेटाबेसेस’ हा अधिकार सगळ्या सर्व्हरसाठीच देता येतो. एकाच डेटाबेससाठी द्यायला गेलात तर सर्व्हर तो नाकारतो. हा अधिकार असलेल्या यूझरला सगळ्या डेटाबेसची नावं दिसतात, पण आतला मजकूर दिसत नाही. आपल्याला नेमकं तेवढंच हवं आहे.

यूझरच्या नावापुढचं ‘ॲट लोकलहोस्ट’ हासुद्धा नावाचाच भाग समजा. मायएसक्यूएलच्या लेखी ‘राखण’ लोकलहोस्टवरचा आणि ‘राखण’ दुसऱ्या मशीनवरचा हे दोन वेगळे यूझर आहेत. त्यांचे पासवर्ड आणि अधिकारही वेगवेगळे असू शकतात. सर्व्हर ग्रंथालयात आणि स्क्रिप्ट घरच्या लॅपटॉपवर असेल तर आधी इथेच घोटाळा झाला आहे का ते बघा.

पासवर्ड स्क्रिप्टमध्ये न ठेवता वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. होम फोल्डरमध्ये ‘.माय.सीएनएफ’ नावाची फाइल करा. तिच्या पहिल्या ओळीत चौकोनी कंसात ‘क्लायंट’ लिहा. खाली एकेका ओळीवर होस्ट, यूझर आणि पासवर्ड द्या. मग ‘सीएचमॉड ६००’ चालवा, म्हणजे मालकाशिवाय कुणाला ती वाचता येणार नाही. स्क्रिप्ट गिटमध्ये (कोडचे जुने बदल जपून ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) टाकायची असेल तर ही सवय फार उपयोगी पडते, कारण पासवर्ड एकदा गिटच्या इतिहासात गेला की तो तिथून काढणं जिकिरीचं होतं.

पायथनची तयारी

पायथनमधून मायएसक्यूएलशी बोलायला एखादी लायब्ररी लागते. मी पायमायएसक्यूएल वापरतो. ती पूर्ण पायथनमध्येच लिहिलेली आहे, त्यामुळे इन्स्टॉल करताना काही कंपाइल करावं लागत नाही. डेबियन १२ वर किंवा नव्या उबुंटूवर थेट ‘पिप इन्स्टॉल’ केलं (पिप हा पायथनच्या लायब्ररी आणणारा प्रोग्रॅम) तर ‘हे पायथन सिस्टिमच्या ताब्यात आहे’ अशा अर्थाचा संदेश देऊन ते थांबतं. तो संदेश जबरदस्तीनं ओलांडायचा पर्याय असतो, पण तो वापरू नका. ‘पायथन३ -एम व्हेन्व्ह’ या कमांडनं स्वतंत्र एन्व्हायर्नमेंट बनवा आणि त्याच्या आतल्या पिपनं लायब्ररी घ्या.

मायएसक्यूएल ८ साठी आणखी एक गोष्ट लागते. तिथे पासवर्ड पडताळायची मूळ पद्धत बदललेली आहे. पायमायएसक्यूएलला त्या पद्धतीनं जोडणी करायची तर ‘क्रिप्टोग्राफी’ नावाचं पॅकेज बहुतेक वेळा हवंच. ते नसेल तर एरर पॅकेजचं नाव घेऊनच येते. आधीच इन्स्टॉल करून ठेवलेलं बरं.

यादी मागायची

मूळ काम चार-पाच ओळींचं आहे:

इम्पोर्ट पायमायएसक्यूएल

जोड = पायमायएसक्यूएल.कनेक्ट(रीड_डिफॉल्ट_फाइल="/होम/राखण/.माय.सीएनएफ")

विथ जोड.कर्सर() ॲज क:
    क.एक्झिक्यूट("शो डेटाबेसेस")
    यादी = [ओळ[०] फॉर ओळ इन क.फेचऑल()]

कनेक्ट करताना डेटाबेसचं नाव दिलेलं नाही हे पाहा. मायएसक्यूएलमध्ये सर्व्हरशी जोडणी करणं आणि एखादा डेटाबेस निवडणं ही दोन वेगळी कामं आहेत, त्यामुळे नाव न देताही जोडणी होते.

‘ओळ[०]’ कशाला, असा प्रश्न नव्यानं शिकणाऱ्यांना हमखास पडतो. नवी पेठेतल्या अभ्यासिकेत बसणाऱ्या एका मुलाची स्क्रिप्ट मी मागे पाहिली होती. यादी छापून दिसत होती, पण पुढे ‘हे नाव यादीत आहे का’ या तपासणीचं उत्तर नेहमी ‘नाही’ यायचं. ‘फेचऑल’ प्रत्येक ओळ टपल, म्हणजे क्रमवार घटकांचा गठ्ठा, म्हणून देतं. एकच कॉलम असला तरी तो एका घटकाचा टपलच असतो, आणि ‘एक नाव असलेला टपल’ व ‘नाव’ या पायथनच्या दृष्टीनं वेगळ्या वस्तू आहेत. म्हणून शून्याव्या जागचा घटक काढून घ्यायचा.

हीच यादी दुसऱ्या वाटेनंही मिळते:

सिलेक्ट स्कीमा_नेम फ्रॉम इन्फर्मेशन_स्कीमा.स्कीमाटा ऑर्डर बाय स्कीमा_नेम;

टेबलचं नाव ‘स्कीमाटा’ आहे, ‘स्कीमाज’ नाही. मायएसक्यूएलमध्ये स्कीमा आणि डेटाबेस हे एकाच गोष्टीचे दोन शब्द आहेत. प्रत्येक डेटाबेसचा कॅरॅक्टर सेट (अक्षरं साठवायची पद्धत) हाही बघायचा असेल तेव्हा मी ही वाट धरतो. मराठी मजकूर साठवणाऱ्या डेटाबेसला ‘यूटीएफ८एमबी४’ लावलेलं आहे की कुणी जुनं ‘लॅटिन१’ ठेवलंय, हे त्याच टेबलच्या दुसऱ्या एका कॉलमवरून कळतं. नुसती नावं हवी असतील तर ‘शो डेटाबेसेस’ पुरे.

सर्व्हरचे स्वतःचे डेटाबेस गाळा

यादीत चार नावं अशी दिसतील जी तुम्ही कधी बनवली नाहीत: इन्फर्मेशन_स्कीमा, परफॉर्मन्स_स्कीमा, मायएसक्यूएल आणि सिस. सर्व्हर ती स्वतःच्या कारभारासाठी ठेवतो. बॅकअपच्या यादीतून त्यांना वगळायचं. फक्त ‘मायएसक्यूएल’ या डेटाबेसचा विचार वेगळा करा, कारण सगळे यूझर आणि त्यांचे अधिकार त्यातच असतात.

गाळताना पूर्ण नाव जुळवा. ‘सिस’नं सुरू होणारं सगळं वगळा, असं लिहिलेली स्क्रिप्ट उद्या कुणी ‘सिस्टर_कन्सर्न’ नावाचा डेटाबेस केला तर तोही मुकाट्यानं उडवेल. चार नावांचा सेट करा, आणि नाव त्या सेटमध्ये नसेल तरच पुढे घ्या.

उलट बाजूनं, ठरावीक नावांचेच डेटाबेस हवे असतील तर ‘शो डेटाबेसेस लाइक’ वापरायचा मोह होतो. एका सर्व्हरवर ‘पुणे_सभासद’, ‘पुणे_वर्गणी’ असे डेटाबेस होते, म्हणून मी ‘पुणे_%’ असा पॅटर्न दिला. यादीत ‘पुणेकर’ही आला. नावं तिथे रोमन अक्षरांत होती, आणि लाइकमध्ये अंडरस्कोरचा अर्थ ‘कोणतंही एक अक्षर’ असा होतो. त्यामुळे ‘पुणे’पुढचं ‘के’ त्या जागी चपखल बसलं. अंडरस्कोरच्या आधी बॅकस्लॅश देऊन हे टाळता येतं, पण मग पायथनच्या स्ट्रिंगमध्ये तो बॅकस्लॅशही सांभाळावा लागतो. त्यापेक्षा सगळी यादी घ्या आणि पायथनच्या ‘स्टार्ट्सविथ’नं गाळा. डेटाबेस फार तर काही शे असतील, वेळेचा फरक जाणवतसुद्धा नाही.

यादी पुरी आहे का?

‘शो डेटाबेसेस’ या कमांडचं उत्तर ‘सर्व्हरवर हे डेटाबेस आहेत’ असं नसतं. ‘तुला पाहायला परवानगी असलेले डेटाबेस हे’ असं ते उत्तर असतं. ज्या डेटाबेसवर त्या यूझरला कसलाच अधिकार नाही, तो यादीत येतच नाही. एरर येत नाही, सूचनाही येत नाही. यादी फक्त आखूड असते.

ग्रंथालयात नवी स्क्रिप्ट लिहिली तेव्हा मी हातानं लिहिलेली नावं काढून टाकली आणि सर्व्हरला विचारायला लागलो. यूझर मात्र जुनाच ठेवला. त्याला त्याच पाच डेटाबेसवर अधिकार होते. नव्या डिस्कवर काकूंची सूची पुन्हा भरली जात होती, आणि माझी स्क्रिप्ट रोज रात्री पाच नावं मिळवून समाधानानं संपत होती. आधीचा दोष जसाच्या तसा परत आला होता, फक्त आता तो स्क्रिप्टमध्ये नसून अधिकारांमध्ये दडला होता. आठवड्याभरानं सहज रूट म्हणून आत जाऊन मोजलं म्हणून सापडला. त्या दिवशी काहीही गमावलं नव्हतं, तरी हातपाय गार पडले.

तपासणी अशी करा. स्क्रिप्टच्या यूझरनं आत जाऊन ‘शो ग्रँट्स’ द्या. उत्तरात नुसतं ‘यूसेज’ दिसलं तर त्याचा अर्थ ‘काहीही अधिकार नाही’ असा आहे. शब्दावरून उलटं वाटतं, म्हणून फसू नका. ‘ऑन *.*’ असलेल्या ओळीत ‘शो डेटाबेसेस’ हवं. मायएसक्यूएलमध्ये सिलेक्टसारखा दुसरा एखादा अधिकार सगळ्या सर्व्हरसाठी दिलेला असला तरीही नावं दिसतात, पण मी नेमका अधिकार नेमक्या नावानं देतो. मागून येणाऱ्याला हेतू कळतो.

त्यानंतर रूटची यादी आणि स्क्रिप्टची यादी शेजारी ठेवून मोजा. आणखी खात्री हवी असेल तर सर्व्हरच्या डेटा फोल्डरमधले उपफोल्डर बघा. लिनक्सवर तो बहुतेक ठिकाणी ‘/व्हार/लिब/मायएसक्यूएल’ असतो आणि त्यात इन्फर्मेशन_स्कीमा सोडून प्रत्येक डेटाबेसचा एक फोल्डर दिसतो. नावात हायफन असेल तर फोल्डरच्या नावात त्या जागी ॲटचं चिन्ह आणि चार अक्षरी कोड दिसेल. ते बिघडलेलं नाही, सर्व्हर तसंच लिहितो. फोल्डर पाहण्याचा उपाय फक्त मोजणीसाठी वापरा. स्क्रिप्टनं यादी तिथून घेऊ नये, आणि त्या फोल्डरमध्ये हातानं काही हलवू तर मुळीच नये.

आता कुणी म्हणेल, राखणला नावं दिसतील, पण मजकूर वाचायचा अधिकार नसेल तर त्या डेटाबेसचा बॅकअप होणारच नाही. बरोबर, होणार नाही. पण बॅकअपची कमांड तिथे एरर देऊन थांबेल, सकाळी निरोप येईल आणि माणूस जाऊन अधिकार देईल. नाव दिसलंच नाही तर हा निरोपच येत नाही. यादीचा अधिकार सढळ हातानं द्या आणि मजकुराचा मोजून द्या, असं मी आग्रहानं सांगतो.

यादी रिकामी आली तर

काहीच अधिकार नसलेला यूझरही जोडणी करू शकतो. त्याच्या यादीत सर्व्हरचेच एखाद-दोन डेटाबेस येतात, आणि आपण ते गाळले की हातात शून्य उरतं. अशा वेळी ‘सर्व ० डेटाबेसचा बॅकअप पूर्ण’ असं छापणारी स्क्रिप्ट धोकादायक आहे. गाळल्यावर यादी रिकामी असेल तर ‘सिस.एक्झिट(१)’ करून अपयश म्हणूनच बाहेर पडा.

जोडणीच्या एररमध्ये १०४५ सगळ्यात जास्त भेटते. तिचा संदेश नीट वाचा. त्यात यूझर, ॲट, मशीन आणि शेवटी पासवर्ड वापरला की नाही हे दिलेलं असतं. ‘यूझिंग पासवर्ड: नो’ दिसलं तर पासवर्ड चुकलेला नाही, तो पोचलेलाच नाही. म्हणजे ‘.माय.सीएनएफ’चा पत्ता चुकला असणार. २००३ आली तर पासवर्डकडे बघूच नका. सर्व्हर चालू आहे का आणि ३३०६ हा पोर्ट पोचतो का, ते पाहा.

पीएचपीत करायचं असेल तर

पेठांमधल्या कितीतरी संस्थांची संकेतस्थळं अजून जुन्या पीएचपीवर आहेत आणि त्यांत ‘मायएसक्यूएल_लिस्ट_डीबीज’ हे फंक्शन सापडतं. ज्या एक्स्टेन्शनमध्ये ते होतं ते पीएचपी ७ मधून, म्हणजे २०१५ मध्येच, काढून टाकलं गेलं. होस्टिंगवाल्यानं पीएचपी बदललं की पान तिथेच थांबतं. त्याजागी पीडीओ ही पीएचपीचीच डेटाबेसशी जोडणीची सोय घ्या. ‘क्वेरी’ला ‘शो डेटाबेसेस’ द्या आणि ‘फेचऑल’ला ‘पीडीओ::फेच_कॉलम’ द्या. सरळ नावांची यादी मिळते, टपलची भानगड राहत नाही. एक फरक लक्षात ठेवा: लिनक्सवर पीएचपीत ‘लोकलहोस्ट’ म्हटलं की जोडणी सॉकेट फाइलमधून होते आणि ‘१२७.०.०.१’ म्हटलं की नेटवर्कच्या वाटेनं. एक चालतं आणि दुसरं चालत नाही, असं झालं तर कारण बहुधा हेच असतं.

पोस्टग्रेसमध्ये उलटा न्याय

पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेस सर्व्हरमध्ये ‘शो डेटाबेसेस’ नाही. तिथे ‘शो’ हा शब्द सेटिंग बघण्यासाठी राखलेला आहे. पीएसक्यूएल या त्याच्या कमांड देण्याच्या प्रोग्रॅममध्ये बॅकस्लॅश आणि एल दाबून यादी मिळते, पण ती सोय त्या प्रोग्रॅमची आहे, सर्व्हरची नाही. स्क्रिप्टमधून बॅकस्लॅश-एल पाठवलं तर सिंटॅक्स एरर येईल. स्क्रिप्टमधून हे विचारा:

सिलेक्ट डॅटनेम फ्रॉम पीजी_डेटाबेस व्हेअर नॉट डॅटइजटेम्प्लेट अँड डॅटअलाउकॉन ऑर्डर बाय डॅटनेम;

कॉलमच्या नावांत ‘डेटा’मधलं शेवटचं अक्षर नाही, ‘डॅट’ एवढंच आहे. पहिली अट टेम्प्लेट० आणि टेम्प्लेट१ हे साचे गाळते. दुसरी अट जोडणी बंद ठेवलेले डेटाबेस गाळते. ‘पोस्टग्रेस’ नावाचा डेटाबेस मात्र यादीत राहील. तो सोय म्हणून आधीच बनवलेला असतो. पण लोक त्यातही टेबलं करून ठेवतात, म्हणून मी तो गाळत नाही.

पायथनमध्ये सायकोपीजी ही लायब्ररी घ्या. इथे जोडणी करताना डेटाबेस द्यावाच लागतो. दिला नाही तर यूझरच्याच नावाचा डेटाबेस शोधला जातो, आणि ‘राखण नावाचा डेटाबेस नाही’ अशी चक्रावणारी एरर येते. म्हणून डीबीनेम ‘पोस्टग्रेस’ द्या, पोर्ट ५४३२.

अधिकारांचा न्याय इथे मायएसक्यूएलच्या अगदी उलट आहे. आत शिरायला मिळालेल्या कुठल्याही यूझरला सगळ्या डेटाबेसची नावं दिसतात, मग त्यात जायची परवानगी असो वा नसो. आखूड यादीची भीती इथे नाही. पण त्याच क्वेरीत ‘पीजी_डेटाबेस_साइज’ घालून आकार मागितला आणि एखाद्या डेटाबेसवर कनेक्टचा अधिकार नसला, तर संपूर्ण क्वेरी एरर देऊन पडते. नावं आधी घ्या, आकार मागून एकेक घ्या.

मोंगोडीबी या आणखी एका डेटाबेस सर्व्हरसाठी पायमोंगो या पायथन लायब्ररीचं ‘लिस्ट_डेटाबेस_नेम्स’ वापरा, आणि ॲडमिन, लोकल, कॉन्फिग हे तीन गाळा. तिथे यूझरला यादीचा अधिकार नसेल तर मायएसक्यूएलसारखीच आखूड यादी मिळते. एसक्यूलाइटला सर्व्हरच नसतो, प्रत्येक डेटाबेस ही एक फाइल असते, त्यामुळे तिथे फोल्डरमधल्या फाइली शोधणं हाच मार्ग.

कालच्या यादीशी ताडून पाहा

यादी मिळाली की ती फाइलमध्ये ठेवा, एका ओळीवर एक नाव, एन्कोडिंग यूटीएफ-८. दुसऱ्या दिवशी दोन सेट करून वजाबाकी करा. ‘आज − काल’ म्हणजे नवे आलेले, ‘काल − आज’ म्हणजे नाहीसे झालेले. नवा आला तर साधा निरोप पुरे. नाहीसा झाला तर मात्र स्क्रिप्टनं अपयश म्हणून बाहेर पडावं आणि कालची फाइल तशीच ठेवावी. डेटाबेस कुणी खरंच काढला असेल किंवा यूझरचा अधिकार गेला असेल, दोन्हीतलं काय झालं ते माणसानंच बघायला हवं.

ही नावं मायएसक्यूएलच्या पुढच्या क्वेरीत वापरायची असतील तर ती बॅकटिकमध्ये (`) घाला. व्हॅल्यूसाठी वापरतो ते ‘%एस’ इथे चालत नाही, कारण डेटाबेसचं नाव ही व्हॅल्यू नव्हे. नावातच बॅकटिक असेल तर तो दोनदा लिहा.

क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या सोयीत) लावताना पायथनचा पूर्ण पत्ता द्या, तोही व्हेन्व्हच्या आतल्या पायथनचा. क्रॉनला तुमच्या टर्मिनलचा पाथ माहीत नसतो. हातानं चालवली तर चालते आणि रात्री चालत नाही, याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. मी वेळ रात्री अडीचची ठेवतो, तेव्हा देवघेवीच्या खिडकीवर कुणी नसतं.

शेवटी एक चाचणी करा आणि मगच काम झालं म्हणा. रूट म्हणून आत जाऊन ‘चाचणी’ नावाचा रिकामा डेटाबेस बनवा, त्यावर राखणला कुठलाही अधिकार देऊ नका आणि स्क्रिप्ट चालवा. ‘नवा: चाचणी’ असं दिसलं पाहिजे. मोंगोडीबीत मात्र त्यात एखादी नोंद टाकावी लागेल, कारण रिकामा डेटाबेस तिथे यादीत येत नाही. मग तो डेटाबेस काढून टाका आणि स्क्रिप्ट पुन्हा चालवा. आता ‘नाहीसा: चाचणी’ दिसून स्क्रिप्ट १ हा कोड देऊन थांबली पाहिजे. ग्रंथालयात ही चाचणी मी दर तीन महिन्यांनी करतो, आणि त्या वेळी काकू शेजारी खुर्ची ओढून बसतात.